ओआरएस दिलं तरी जुलाब का थांबत नाहीत? आतड्यातल्या एका रिसेप्टरची गोष्ट

पहिला जोराचा पाऊस होऊन आठ-दहा दिवस गेले की घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांच्या नोटीस बोर्डावर एक कागद लागतो, 'पाणी उकळून प्यावे'. माजिवड्यापासून मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा, थेट गायमुखपर्यंत टॉवर उभे राहिले, पण पाणी काही टॉवरच्या मजल्यांबरोबर वाढलं नाही. नळ कमी पडला की टँकर येतो. टँकरचं पाणी खालच्या टाकीत, तिथून गच्चीवरच्या टाकीत, तिथून घरात. या साखळीत कुठेही एका जागी सांडपाण्याचा संबंध आला की पुढच्या आठवड्यात वर्गातली चार-पाच मुलं गैरहजर असतात. कारण विचारलं की एकच शब्द ऐकू येतो, दस्त.

आम्ही शिक्षक आहोत, डॉक्टर नाही. पण हजेरीपट हातात असल्यामुळे कोणत्या महिन्यात कोणता आजार फिरतो हे आम्हाला बरंच लवकर कळतं. गेल्या काही वर्षांत पालकांकडून एक प्रश्न इतक्या वेळा ऐकला की त्यावर नीट लिहावंसं वाटलं. एका विद्यार्थिनीची आई शाळेत आली होती. घरी धाकटा दीड वर्षाचा, त्याला दोन दिवस जुलाब. ती म्हणाली, "सर, ओआरएसची तीन पाकिटं संपली, दस्त काही बंद होईना. सासूबाई म्हणाल्या, पाणी दिलं की पाणीच बाहेर येतंय, कशाला देते? मग आम्ही बंद केलं." त्याच संध्याकाळी मूल मलूल पडलं, डोळे खोल गेले, रडताना अश्रू येईनात. दवाखान्यात सलाईन लावावं लागलं. अल्लाहचा शुक्र, दोन दिवसांत ते घरी आलं.

त्या आईचं किंवा सासूबाईंचं बोलणं वेडेपणाचं नव्हतं. पाणी दिलं आणि पाणीच बाहेर आलं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण ओआरएस जुलाब थांबवण्यासाठी नसतंच, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. मग ते कशासाठी असतं? हे समजायला आतड्याच्या पेशीवर बसलेल्या एका रिसेप्टरची ओळख करून घ्यावी लागते. त्याचं नाव ग्वानिलेट सायक्लेज सी, थोडक्यात जीसी-सी.

रोजचे आठ-नऊ लिटर

आपण दिवसाला खाण्यापिण्यातून साधारण दोन लिटर पाणी पोटात घेतो. पण लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि खुद्द आतड्याचा रस धरला तर आणखी सहा-सात लिटर द्रव रोज आतड्यात उतरतो. म्हणजे एकूण आठ-नऊ लिटर. यातला जवळजवळ सगळा द्रव आतडं परत शोषून घेतं आणि शौचातून जेमतेम शंभर-दोनशे मिलिलिटर बाहेर जातो. हा हिशोब थोडासा जरी चुकला, तरी मोठ्या माणसाला दिवसातून दहा वेळा पळावं लागतं. दहा किलोच्या बाळाची तर अवस्था काही तासांत बिघडू शकते.

पाणी स्वतःहून कुठे जात नाही, ते मिठाच्या मागे जातं. आतड्याच्या पेशींनी सोडियम आत ओढला की पाणी आत येतं. पेशींनी क्लोराइड आतड्याच्या पोकळीत सोडला की पाणी तिकडे जातं. लोणच्याच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं, तसंच समजा. म्हणून पाण्याचा हिशोब ठेवायचा तर मिठावर ताबा हवा, आणि हा ताबा ठेवणाऱ्यांपैकी एक म्हणजे जीसी-सी.

आतड्याला आतून एकाच थराचं पेशींचं अस्तर असतं. ते सतत झिजतं आणि तीन ते पाच दिवसांत नवं होतं. या पेशींच्या पोकळीकडच्या बाजूच्या पटलात जीसी-सी रुतलेला असतो. (उर्दू माध्यमाच्या मुलांना शिकवताना आम्ही पेशीला खलिया आणि पटलाला झिल्ली म्हणतो. दुधावरच्या सायीसारखी पातळ झिल्ली म्हटलं की मुलांच्या लगेच ध्यानात येतं.) हा हजाराहून थोड्या जास्त अमिनो आम्लांचा लांबलचक प्रथिनाचा धागा आहे. त्याचं एक टोक झिल्लीबाहेर, आतड्याच्या पोकळीत असतं आणि दुसरं पेशीच्या आत. बाहेरचं टोक म्हणजे कुलूप, आतलं टोक म्हणजे यंत्र. कुलपात योग्य किल्ली बसली की आतलं यंत्र चालू होतं.

किल्ल्या शरीर स्वतः बनवतं. पहिली ग्वानिलिन, १५ अमिनो आम्लांची. ती १९९२ मध्ये सापडली. दुसरी युरोग्वानिलिन, १६ अमिनो आम्लांची. ती पुढच्याच वर्षी ओपॉसम नावाच्या प्राण्याच्या लघवीत सापडली, नावातला 'युरो' त्यामुळेच. जठराकडून आम्लयुक्त अन्न आलं की तिथे युरोग्वानिलिन जास्त चांगलं काम करतं, पुढे आम्लता कमी झाली की ग्वानिलिन. दोघांचं काम मोजूनमापून चालतं. थोडा द्रव सुटतो, अन्न सरकायला ओलावा मिळतो, आम्ल निवळतं, मग किल्ली विरघळून जाते आणि नळ बंद होतो. निरोगी माणसाला याचा पत्ताही लागत नाही.

आतलं यंत्र चालू होतं म्हणजे नेमकं काय होतं? पेशीत जीटीपी नावाचं ऊर्जेचं रसायन असतं. जीसी-सी त्याचं रूपांतर सायक्लिक जीएमपीमध्ये करतो. हे सायक्लिक जीएमपी निरोप्यासारखं पेशीभर फिरतं आणि दोन कामं करून घेतं. एक, सीएफटीआर नावाची क्लोराइडची वाट उघडते, त्यामुळे क्लोराइड आणि बायकार्बोनेट आतड्याच्या पोकळीत जातात. दोन, सोडियम आत ओढणारा एनएचई-३ नावाचा पंप मंदावतो. मीठ बाहेर पडतं आणि आत येणारं मीठ अडतं. पाणी मिठाच्या मागे जातं, हे आपण वर पाहिलंच.

नक्कल किल्ली

आता मूळ मुद्दा. आपल्या सगळ्यांच्या आतड्यात ई. कोलाय नावाचे जंतू राहतात, बहुतेक निरुपद्रवी. पण त्यांच्यातला एक प्रकार विष बनवतो. त्याला एंटरोटॉक्सिजेनिक ई. कोलाय, ईटेक म्हणतात. शौचानं दूषित झालेल्या पाण्यातून, न धुतलेल्या हातांतून, उघड्यावर कापून ठेवलेल्या फळांतून तो पोटात जातो. लहान आतड्याच्या भिंतीला चिकटून तो एक छोटा पेप्टाइड सोडतो, अवघ्या १८ किंवा १९ अमिनो आम्लांचा. हा पेप्टाइड ग्वानिलिनची नक्कल आहे, आणि नक्कलही असली की मूळ किल्लीपेक्षा कुलपात जास्त घट्ट बसते. ग्वानिलिनमध्ये गंधकाचे दोन टाके असतात, या विषात तीन. त्या तिसऱ्या टाक्यामुळे त्याचा आकार पक्का राहतो, पचनरसांनी तो सहज तुटत नाही, उकळलं तरी मोडत नाही. म्हणूनच त्याला उष्णता सहन करणारं विष, एसटी, असं नाव पडलं.

इथे एक गैरसमज होऊ शकतो, तो आधीच काढून टाकू. विष उकळून मरत नाही तर पाणी उकळून काय फायदा? फायदा पूर्ण आहे. हे विष पाण्यात मिसळून आपल्यापर्यंत येत नाही, ते जंतू पोटात गेल्यावर तिथे बसून बनवतो. उकळल्यावर जंतू मरतो, म्हणजे विष बनवणाराच राहत नाही. खळखळ उकळी आल्यावर मिनिटभर ठेवलं तरी पुरे. तुरटी फिरवून गाळ खाली बसतो, पाणी स्वच्छ दिसतं, पण त्याने जंतू मरत नाहीत. आमच्या आजूबाजूला अजूनही तुरटीवर भरवसा ठेवणारी घरं आहेत.

नक्कल किल्ली कुलपात बसली की नळ बंद होत नाही. सायक्लिक जीएमपी वाढतच जातं, क्लोराइड वाहत राहतो, सोडियमचा पंप अडलेला राहतो. पाण्यासारखे जुलाब होतात, बहुधा रक्त नसतं, ताप कमी किंवा नसतोच. आतड्याच्या पेशी मेलेल्या नसतात, फाटलेल्या नसतात. त्या अगदी जिवंत असतात आणि मिळालेला हुकूम इमानदारीने पाळत असतात. फक्त हुकूम खोटा असतो. यातूनच ओआरएसचा मार्ग निघतो, तो पुढे बघू.

एसटीमुळे सायक्लिक जीएमपी वाढतं हे १९७८ मध्ये दिसून आलं. ज्या कुलपात ते बसतं ते कुलूप म्हणजेच ग्वानिलेट सायक्लेज आहे, हे १९९० मध्ये जीन वेगळं काढल्यावर सिद्ध झालं. हा आजार परदेशी पर्यटकांना भारतात येऊन होतो म्हणून पुस्तकांत त्याला 'प्रवाशांचा जुलाब' म्हणतात. आम्हाला हे नाव थोडं खटकतं. प्रवासी दोन दिवस त्रास काढून घरी जातो, इथली मुलं दर पावसाळ्यात तेच पाणी पितात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासात आफ्रिका आणि आशियातली सात ठिकाणं होती, त्यात भारतातलं कोलकाता होतं. पाच वर्षांखालच्या मुलांच्या मध्यम ते गंभीर जुलाबाच्या प्रमुख कारणांत रोटाव्हायरस, क्रिप्टोस्पोरिडियम, शिगेला यांच्याबरोबर एसटी बनवणारा ई. कोलाय होता.

परळचे ससे

जंतू स्वतः नव्हे तर त्याचं विष पाणी काढतं, ही गोष्ट आज पाठ्यपुस्तकात सरळ लिहिलेली असते. ती सिद्ध करण्यात मुंबईचाही वाटा आहे, आणि हे मुंबई-ठाण्यातल्या फार थोड्या लोकांना माहीत असतं. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये एन. के. दत्ता कॉलऱ्यावर काम करत होते. अडचण अशी होती की मोठ्या प्राण्यांना कॉलरा होतच नसे, मग औषध तपासायचं कशावर? १९५५ मध्ये दत्ता आणि हब्बू यांनी दाखवलं की सशाच्या अगदी लहान पिल्लांना माणसासारखाच कॉलरा होतो. १९५९ मध्ये दत्ता, पानसे आणि कुलकर्णी यांनी पुढचं पाऊल टाकलं. कॉलऱ्याचे जिवंत जंतू न देता ते फोडून काढलेला अर्क पिल्लांना दिला, तरी जुलाब झाले. त्याच वर्षी कोलकात्यात शंभूनाथ डे यांनी दुसऱ्या पद्धतीने, सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्हीकडून बांधून आणि त्यात जंतू गाळून घेतलेला द्रव टाकून, हेच दाखवलं. डे यांनी त्याआधी १९५६ मध्ये जुलाबाच्या रुग्णांकडून मिळालेल्या ई. कोलायवरही हीच बांधलेल्या आतड्याची पद्धत वापरली होती. आज ईटेक म्हणून ओळखला जाणारा जंतू त्या वाटेने पुढे सापडला.

कॉलऱ्याचं विष आणि एसटी एक नाहीत, हे इथेच सांगायला हवं. कॉलऱ्याचं विष मोठं आहे, ते दुसऱ्या जागी चिकटतं आणि सायक्लिक एएमपी वाढवतं. एसटी छोटं आहे, ते जीसी-सीवर बसतं आणि सायक्लिक जीएमपी वाढवतं. पण दोन्ही वाटा शेवटी त्याच सीएफटीआरच्या दाराशी पोचतात. म्हणूनच कॉलऱ्यावर जे पाणी जीव वाचवतं, तेच या जुलाबावरही वाचवतं.

जे दार जंतूला सापडलं नाही

१९६० मध्ये प्रागच्या एका परिषदेत रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने एक कल्पना मांडली. आतड्याच्या पेशीत ग्लुकोज एकटं येत नाही, ते सोडियमचा हात धरून येतं. आज या वाहकाला एसजीएलटी-१ म्हणतात. ग्लुकोज आणि सोडियम दोन्ही समोर असले तरच हे दार फिरतं. सोडियम आत आला की पाणीही आत येतं.

महत्त्वाचं हे की जीसी-सीच्या खोट्या हुकमाने एनएचई-३ चा पंप अडतो, पण ग्लुकोजचं हे दार चालूच राहतं. जंतू एका नळातून पाणी सोडत असतो, आपण दुसऱ्या दाराने पाणी आत घेऊ शकतो. साधं पाणी दिलं तर हे दार उघडत नाही, कारण त्यात ना ग्लुकोज ना मीठ. नुसतं मिठाचं पाणीही फारसं शोषलं जात नाही. दोन्ही लागतात, आणि प्रमाणात लागतात.

त्या आईच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. ओआरएस नळ बंद करत नाही. नळ चालूच राहतो, जुलाब होतच राहतात, पहिल्या दिवशी तर पाणी पोटात गेल्यावर ते जास्त झाल्यासारखेही वाटू शकतात. पण जितकं बाहेर जातंय तितकं दुसऱ्या दाराने आत येत असतं, म्हणून बाळाचा रक्तदाब, मूत्रपिंड, मेंदू सांभाळले जातात. तोवर आतड्याचं अस्तर बदलतं, जंतू बाहेर पडतात, आणि साधारण तीन ते पाच दिवसांत जुलाब आपोआप थांबतात. ओआरएसचं काम तेवढे दिवस मुलाला जिवंत आणि ताजंतवानं ठेवण्याचं. म्हणून "दस्त थांबले का?" असं न विचारता "लघवी होते का, मूल खेळतं का, पाणी मागतं का?" असं विचारायचं.

हे कागदावरचं शास्त्र नाही. १९७१ च्या बांगलादेश युद्धात पश्चिम बंगालमधल्या बोनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचं पाणी ड्रममध्ये कालवून लोकांना आणि त्यांच्या नातेवाइकांना प्यायला दिलं. आधी मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांपर्यंत पोचलं होतं, ते साडेतीन टक्क्यांच्या आसपास आलं. पाजणाऱ्या बहुतेक आया, खाला आणि भावंडं होती, नर्स नव्हत्या. महालनबीस २०२२ मध्ये वारले, पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

पाकीट कसं करायचं

जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या सूत्रात एक लिटर पाण्यात २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असतं. मोठं पाकीट एक लिटरचं असतं, छोटं २०० मिलिलिटरचं. आम्ही सर्वांत जास्त पाहिलेली चूक म्हणजे एक लिटरचं पाकीट एका ग्लासात घालणं. "घट्ट केलं म्हणजे ताकद जास्त" असं घरात वाटतं. असं पाणी बाळाच्या शरीरात मीठ धोकादायक पातळीपर्यंत वाढवतं. दुसरी चूक, अर्धं पाकीट आज आणि अर्धं उद्या. अंदाजाने अर्धं होत नाही. पूर्ण पाकीट, पाकिटावर लिहिलेलं पूर्ण पाणी, तेही उकळून गार केलेलं. एकदा केलेलं पाणी २४ तासांनी फेकून द्यायचं.

रात्री दोनला पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि मिठाचा ढीग नको. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ते टाकून पुन्हा करा. हे तात्पुरतं आहे, सकाळी पाकीट आणायचं. साखर इथे चवीसाठी नसते, ती दाराची किल्ली आहे. म्हणून मधुमेहाच्या दादीला जुलाब झाले तर साखरेच्या भीतीने ओआरएस टाळू नका, डॉक्टरांना विचारून द्या आणि रक्तातली साखर तपासत राहा.

मात्रा सोपी आहे. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शौचानंतर ५० ते १०० मिलिलिटर, दोन ते दहा वर्षांपर्यंत १०० ते २००, मोठ्यांना लागेल तितकं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने. बाटलीने एकदम पाजलं की उलटी होते आणि मग लोक म्हणतात, पोटात राहतच नाही. आईचं दूध अजिबात बंद करायचं नाही. खिचडी, दही, केळं, जे मूल खाईल ते द्यायचं. झिंकची गोळी किंवा औषध डॉक्टर सांगतील त्या मात्रेत दहा ते चौदा दिवस पूर्ण करायचं, जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी.

मूल झोपाळलेलं किंवा बेशुद्धीकडे झुकलेलं असेल, पिता येत नसेल, पोटाची चिमटीत धरलेली कातडी सोडल्यावर सावकाश मागे जात असेल, सहा-आठ तास लघवी नसेल, शौचात रक्त असेल किंवा जोराचा ताप असेल, तर घरी थांबू नका. शौचात रक्त असेल तर ते जीसी-सीचं प्रकरण नसण्याचीच शक्यता जास्त, त्याचा उपचार वेगळा. लहान मुलाला मेडिकलमधून जुलाब बांधणाऱ्या गोळ्या आणून देऊ नका. त्या आतड्याची हालचाल थांबवतात, नळ बंद करत नाहीत. पाणी आत साचत राहतं आणि आपल्याला वाटतं आराम पडला.

रमजानमध्ये हा प्रश्न आणखी वेगळ्या तऱ्हेने येतो. जुलाब होत असताना मोठी माणसं, विशेषतः बायका, रोजा पुरा करायचा म्हणून दिवसभर पाणी घेत नाहीत. आजारी माणसाला रोजा सोडून नंतर कजा करण्याची मुभा आहे, हे आपल्या घरात सगळ्यांना माहीत असतं, फक्त स्वतःवर वेळ आली की आठवत नाही.

दुकानात मिळणाऱ्या डब्यांबद्दल एक सांगायला हवं. कित्येक वर्षं फळांच्या चवीची गोड पेयं नावात ओआरएस घालून विकली जात होती, काही तर औषधांच्या दुकानात, ओआरएसच्या पाकिटांच्या शेजारीच. त्यांत साखर खूप आणि मीठ कमी. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध अनेक वर्षं आवाज उठवला. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरण एफएसएसएआयने अशा पेयांच्या नावात ओआरएस शब्द वापरायला मनाई केली. साखर जास्त झाली की ती आतड्यातच राहून उलट पाणी ओढते, म्हणजे जंतूचंच काम हलकं करते. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र असल्याचं लिहिलंय का, एवढं पाहा.

कुलूपच बिघडलं तर

आतापर्यंत खोट्या किल्लीची गोष्ट झाली. काही घराण्यांत कुलूपच जन्मतः वेगळं असतं. नॉर्वेमध्ये एका कुटुंबातल्या ३२ जणांना लहानपणापासून जुलाबाचा त्रास होता, पिढ्यान् पिढ्या. काहींना पुढे आतड्याचा दाह, काहींना आतड्यात अडथळा. २०१२ मध्ये त्यांच्या जीसी-सीच्या जीनमध्ये एकच अक्षर बदललेलं सापडलं. त्यामुळे किल्ली बसली की यंत्र गरजेपेक्षा कितीतरी जास्त जोरात चालत होतं. या शोधनिबंधात नॉर्वेच्या संशोधकांबरोबर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचे लोक होते. प्रा. संध्या विश्वेश्वरय्या कित्येक वर्षं याच रिसेप्टरवर काम करत आल्या आहेत, आणि लेखकांच्या यादीत दुसरं नाव त्यांच्या प्रयोगशाळेतल्या नजला अर्शद यांचं आहे. आमच्या वर्गातल्या मुलींना हे नाव आम्ही मुद्दाम फळ्यावर लिहून दाखवलं.

त्याच वर्षी उलट प्रकारही समोर आला. इस्राएलमधल्या बदू कुटुंबांत काही नवजात बाळांची पहिली काळी शी आतड्यातच घट्ट होऊन अडकत होती. त्यांच्या जीसी-सीचं यंत्र चालतच नव्हतं, म्हणजे आतड्यात ओलावाच सुटत नव्हता. नॉर्वेच्या आजारात बिघडलेली एक प्रत पुरते, इथे आईकडून आणि बापाकडून दोन्ही बिघडलेल्या प्रती याव्या लागतात. असे आजार नात्यातल्या लग्नांत जास्त दिसतात, कारण दोघांकडे एकाच पूर्वजाची बिघडलेली प्रत असू शकते. आपल्याकडे मामे-चुलत भावंडांची लग्नं होतात, म्हणून हे सांगतो, घाबरवण्यासाठी नाही. हा आजार अतिशय दुर्मिळ आहे. पण नवजात बाळाने पहिल्या २४ ते ४८ तासांत शी केली नाही, तर कारण कोणतंही असो, दाईच्या किंवा आजीच्या सल्ल्यावर थांबू नये. घुटी देऊन वाट पाहण्याची ही वेळ नाही.

नक्कल किल्लीचं औषध

शेवटी या कुलपाचा एक उपयोग. जुलाब करणाऱ्या विषाचा आकार पाहून शास्त्रज्ञांना वाटलं की बद्धकोष्ठ झालेल्या माणसाला हेच थोडंसं दिलं तर? त्यातून १४ अमिनो आम्लांचं लिनाक्लोटाइड बनलं. अमेरिकेत त्याला २०१२ मध्ये मान्यता मिळाली, जुनाट बद्धकोष्ठासाठी आणि पोटदुखीसह होणाऱ्या बद्धकोष्ठासाठी. २०१७ मध्ये युरोग्वानिलिनच्या धर्तीवरचं प्लेकॅनाटाइड आलं. ही औषधं रक्तात जवळजवळ जात नाहीत, आतड्याच्या पोकळीतच जीसी-सीवर बसून द्रव सोडवतात, पोटाचं दुखणंही कमी करतात.

त्यांचा सर्वांत जास्त दिसणारा दुष्परिणाम काय असेल हे आता वाचकांना सांगायला नको. लिनाक्लोटाइडच्या माहितीपत्रकात सर्वांत वर, चौकटीत इशारा असतो की दोन वर्षांखालच्या मुलांना ते देऊ नये, त्यांच्या शरीरातलं पाणी धोकादायक इतकं कमी होऊ शकतं. दादाजींच्या बद्धकोष्ठासाठी डॉक्टरांनी असं औषध लिहून दिलं असेल, तर ते वरच्या कपाटात, झाकण लावून, रांगणाऱ्या नातवाच्या हाताबाहेर ठेवा.